जुन्या बुलेटवर कराड ते गुहागर, आणि वाटेत ती स्टार्ट झाली नाही तर काय बघायचं

कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग गुहागर असा रूट. कराड ते चिपळूण साधारण १०० किमी, तिथून गुहागर अजून ४५ च्या आसपास. गणपती उरकल्यावर गेलो, मी काकांच्या जुन्या बुलेटवर आणि दाजी त्यांच्या नवीन गाडीवर. नवीन गाडीवाल्यांना या रूटबद्दल सांगण्यासारखं फार नाही, पेट्रोल कराडला किंवा पाटणला भरून घ्या आणि घाटात ट्रकला ओव्हरटेक करायची घाई करू नका, बस्स. हे लिहितोय ते ज्यांच्याकडं पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन छोटे धातूचे तुकडे) जुनी बुलेट आहे त्यांच्यासाठी, ती कास्ट आयर्न इंजिनची ३४६ सीसी, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेकवाली. पावसाळ्यात कोयना भागातून जाताना ही गाडी कुठंतरी अडणारच असं धरून चाला, पण जिथं अडेल तिथंच ती पुन्हा चालूही होते, फक्त क्रमाने बघायला पाहिजे.

कोयनानगरला मुक्काम केला. ढग नसले तर नेहरू उद्यानातून धरण मस्त दिसतं, आम्हाला थोडंच दिसलं. रात्रभर पाऊस आणि वारा, गाडी पत्र्याखाली होती पण वाऱ्याने पाणी आत येत होतं, दाजींनी मायेने टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी ताणून दोरी बांधून ठेवली की पेट्रोलमध्ये पाणी जायला नको. सकाळी धुकं एवढं की समोरचा रस्ता दिसेना. किक मारली, काही नाही, परत मारली, नुसती फुस्स. दाजी शर्टच्या बाह्या सरसावून पुढं आले की मी मारतो आता, तेवढ्यात लॉजवरचे आबा चहा घेऊन आले, त्यांच्याकडं पूर्वी बुलेट होती. म्हणाले, "पावणं, किका मारून काय हुतंय, आधी काटा काय म्हणतोय ते बघा की."

काटा म्हणजे हेडलाइटवरचा अँपिअर मीटर, आणि आबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. लोक या मीटरकडं शोभेची वस्तू म्हणून बघतात पण गाडी स्टार्ट होत नसताना त्याच्याइतकं खरं कोणी बोलत नाही. लाइट बंद, चावी ऑन, आणि किक हाताने किंवा पायाने अगदी सावकाश खाली दाबत न्यायची. पॉइंट जुळलेले असताना कॉइलमधून, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणाऱ्या गुंडाळीतून, करंट जातो म्हणून काटा मायनसकडं झुकतो, पॉइंट उघडले की मधे येतो. असा तो झुकत आणि मधे येत असेल तर पॉइंटपर्यंतचं काम ठीक चाललंय. काटा मधेच गप्प बसला असेल तर कॉइलला करंटच मिळत नाही, म्हणजे बॅटरी, फ्यूज, एखादी सुटलेली वायर नाहीतर पॉइंटवर घाण. आणि मायनसला जाऊन तिथंच चिकटला तर पॉइंट उघडतच नाहीयेत किंवा कुठंतरी वायर बॉडीला शॉर्ट झालीय. पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी एक नट पण खोलावा लागत नाही.

आमचा काटा मधेच. हॉर्न खणखणीत वाजला म्हणजे बॅटरी आणि फ्यूज ठीक. मग पॉइंटचं झाकण काढलं, क्लिप बाजूला केली की निघतं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखे बारीक बारीक थेंब धरलेले. पॉइंटवर राखाडी थर, नखाने लागेल एवढा. इथं लगेच पॉलिश पेपर घासायला जाऊ नका, खड्डे पडलेले असतील तरच तो वापरायचा आणि तोही एकदम बारीक. आबांनी खिशातून जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा काढून दिला, तो कोरडा तुकडा दोन पॉइंटच्या मधे सरकवून पॉइंट मिटू दिले आणि हळूच ओढला, पहिल्यांदा कागदावर काळी रेघ आली, मग फिकट, मग कागद स्वच्छ निघायला लागला. झाकण आतून सुक्या फडक्याने पुसलं, प्लगची टोपी काढून ती आणि वायर पण पुसली. चावी ऑन केली, किक सावकाश दाबली, काटा झुकला. दाजी तर टाळ्या वाजवायचेच बाकी होते.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असतो, फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, पन्नासेक ग्रॅमचं असेल, ते सोबत ठेवाच. अगदीच नसेल तर आणीबाणीत जरासं जाड व्हिजिटिंग कार्ड अडकत अडकत सरकेल एवढा ठेवा आणि घरी आल्यावर नीट करून घ्या. प्लगचा गॅप ०.५ मिमीच्या आसपास.

आता किक मारायची पद्धत, कारण अर्ध्या गाड्या इथंच अडतात. काटा मधे येईपर्यंत किक सावकाश खाली आणायची, मग डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या जरासा पुढं न्यायचा, लिव्हर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग अंगाचं वजन टाकून एक पूर्ण लांब किक. थंड इंजिनला चोक, अ‍ॅक्सिलरेटर जवळजवळ बंद. घाईघाईत अर्ध्या किका मारल्या तर किक उलटी बसते आणि घोट्याला आयुष्यभराचं दुखणं लागू शकतं, पायात बूट पाहिजेतच, चप्पल नको.

खूप किका मारून झाल्या असतील आणि पेट्रोलचा वास येत असेल तर आत पेट्रोल जास्त झालंय. पेट्रोलचा कॉक बंद, चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, डीकॉम्प्रेशन दाबून धरा आणि चार-सहा किका मारा म्हणजे आतलं पेट्रोल बाहेर निघून जातं, मग प्लग काढून पुसा आणि पहिल्यापासून पद्धतीने स्टार्ट करा.

घाट उतरताना धुकं होतं पण गाडी छान पळाली. उताराला इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय कुणाला असेल तर कुंभार्लीत अजिबात नको, जुन्या बुलेटला दोन्हीकडं ड्रम ब्रेक, वळणावळणावर दाबून तापले की धरत नाहीत, गिअरमध्येच उतरा.

दुसरी अडचण चिपळूण सोडून गुहागरच्या रस्त्याला लागल्यावर. ऊन पडलं होतं. गाडी मिसिंग करायला लागली, पेट्रोल संपल्यावर करते तशी, आणि चढावर बंद. थोडा वेळ थांबलो, स्टार्ट झाली, काही किलोमीटरवर परत तेच. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की माणसं जमतातच, एकजण म्हणाला कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा भाग) गेला, दुसरा म्हणाला कॉइल बदला. त्यांचं पण चूक नव्हतं, गरम झाल्यावर बंद पडणं आणि गार झाल्यावर चालू होणं हे कॉइल-कंडेन्सरचंच लक्षण आहे. पण टाकीत हवा जात नसेल तरी अगदी हेच होतं, आणि दोन्हींत फरक ओळखायचा तर गाडी बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत तपासायला पाहिजे. चहा पिऊन येऊन तपासलं तर सगळं ठीकच दिसणार.

लगेच प्लग काढला, टोपीत घालून त्याची बॉडी इंजिनच्या लोखंडाला टेकवली, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते आणि भडका होऊ शकतो, आणि प्लगचा धातू हातात धरायचा नाही. किक मारली तर टक टक निळी ठिणगी. म्हणजे करंटचं सगळं ठीक. प्लग मात्र कोरडा ठणठणीत. प्लग ओला असेल आणि ठिणगी नसेल तर करंटचा प्रॉब्लेम, ठिणगी असेल आणि प्लग कोरडा असेल तर पेट्रोलचा, एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

मग कार्बोरेटरचा पाइप काढून रिकाम्या बाटलीत धरला, इंजिन गरम असतं त्यामुळं त्यावर पेट्रोल सांडू देऊ नका आणि जमलेल्यांपैकी कुणी विडी ओढत असेल तर त्याला लांब पाठवा. पेट्रोलची धार आली, बारीक झाली, आणि टाकी अर्धी भरलेली असताना थेंब थेंब होऊन थांबली. टाकीचं झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत गेली आणि बाटलीत पुन्हा जोरात धार. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं, त्याच्यावर दाजींची ती पिशवी अजून दोरीसकट घट्ट बसलेली होती. काढून टाकली, झाकणाचं भोक तारेने साफ केलं, विषय संपला. पावसाळ्यात टाकी झाकायचीच असेल तर सैल कव्हर टाका आणि निघताना ते काढा. आतमध्ये हवा जात नसेल तर पेट्रोल खाली येत नाही.

कंडेन्सर खरंच गेला असता तर कसं कळलं असतं ते पण सांगतो. पॉइंटचं झाकण काढून किक मारताना पॉइंटवरच मोठी फडफडती ठिणगी दिसते आणि प्लगला मात्र मरतुकडी, पिवळट. पॉइंट लवकर काळे पडतात, साफ केले तरी पुन्हा जळतात. असं दिसलं तर पॉइंट घासत बसू नका, कंडेन्सर बदला. चिपळूणला एका दुकानातून मी एक जादा घेऊनच ठेवला, छोटी वस्तू आहे पण नसली तर गाडी टेम्पोत घालावी लागते.

सोबत ठेवायचं म्हणजे पॉइंट सेट, कंडेन्सर, एक नवीन प्लग आणि प्लग पाना, फ्यूज, दोन हात वायर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पेट्रोलचा पाइप आणि कोरडं फडकं प्लास्टिकमध्ये बांधून. फडकं ओलं झालं की काहीच उपयोग नाही.

महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी थेट या रूटवर आणत असाल तर अजून एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या टाकीत बरेच दिवस राहिलं तर पाणी तळाला बसतं, टाकी आतून गंजते आणि जुने रबरी भाग खराब होतात. निघायच्या आधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीच्या, खालचा बोल्ट खोलून आतलं थोडं काचेच्या ग्लासात घेऊन बघा, तळाला वेगळे गोळे दिसले तर ते पाणी. माझ्या मते पेट्रोलचा पाइप दर पावसाळ्याआधी बदलावा, खर्च काहीच नाही.

काटा, ठिणगी, पेट्रोल हे सगळं बरोबर असून पण गाडी स्टार्ट होत नसेल आणि किक अगदी हलकी जात असेल तर कॉम्प्रेशन नाही. आधी डीकॉम्प्रेशनची केबल अडकून राहिलीय का ते बघा, ते सुटतं. व्हॉल्व्ह किंवा रिंगचं काम रस्त्यावर होत नाही, सरळ टेम्पो बोलवा.

गुहागरला गाडी किनाऱ्याला लागून रात्रभर उभी करू नका, गावात आडोशाला लावा. परत येताना चिपळूणहून सकाळी लवकर निघा, नंतर ट्रकच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना इंजिन फार तापतं. तापलं तर घाटमाथ्यावर टपऱ्या आहेत तिथं निवांत थांबा, आणि निघताना गरम इंजिनला चोक देऊ नका.