सत्तावीसपैकी नऊ

अमेरिकन रॅपर टुपाक शकूरचा 'ऑल आईज ऑन मी' हा हिप हॉपमधल्या थोर अल्बमांपैकी एक आहे, असे ठामपणे सांगणाऱ्या माणसांशी वाद घालणे मी फार पूर्वीच सोडून दिले. फेब्रुवारी १९९६ मध्ये दोन सीडींवर आलेल्या या अल्बममध्ये २७ गाणी आहेत आणि ती सलग ऐकायची तर दोन तासांहून अधिक वेळ हाताशी लागतो. माझ्याकडच्या यादीत त्यांपैकी नऊच उरली आहेत. बाकीची अठरा मी रागाने काढली नाहीत. दर खेपेस अमुक एका गाण्यावर बोट आपोआप पुढच्याकडे जाते हे लक्षात येत गेले आणि यादी हळूहळू रोडावली.

परवा जरा अपराधी वाटून तो अल्बम पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. पहिली सीडी अजूनही अंगावर येते. ऑक्टोबर १९९५ मध्ये जामिनावर तुरुंगातून बाहेर आलेला हा माणूस उद्याची खात्री नसल्यासारखा माईकसमोर उभा राहतो आणि त्याच्या आवाजातली ती घाई गाण्यांना धार देते. दुसऱ्या सीडीवर मात्र तीच घाई अंगाशी येते: पाहुण्या रॅपरांची वर्दळ वाढते, एकाच फुशारकीची तीन-तीन गाणी होतात, आणि मध्यावर केव्हातरी आपण ऐकायचे सोडून किती गाणी उरली ते मोजू लागतो. कोणीतरी तेव्हा कात्री चालवायला हवी होती. टुपाकसमोर कात्री घेऊन कोण उभे राहणार, हा प्रश्न अर्थातच वेगळा.

रॅपर नासच्या 'इलमॅटिक' या अल्बमवर अशी कात्री चालवायची झाली तर हात थांबतो. एप्रिल १९९४ मध्ये हा अल्बम आला तेव्हा नास अवघा वीस वर्षांचा होता. दहा ट्रॅक, त्यांतला पहिला प्रस्तावनेपुरता, म्हणजे गाणी इथेही नऊच, आणि सगळा कारभार चाळीस मिनिटांच्या आसपास आटोपतो. दुसऱ्या ट्रॅकची सुरुवात एकदा लक्ष देऊन ऐकावी. निर्माता डीजे प्रीमियरने जॅझच्या एका जुन्या रेकॉर्डवरून उचललेले पियानोचे मोजके स्वर गोल फिरत राहतात, आणि रॅप सुरू होण्याआधी, हे सुरू कसे करावे तेच आपल्याला कळत नाही, असे नास स्वतःशी पुटपुटतो. पुढच्याच क्षणी तो जो सुटतो तो श्वास घ्यायलाही थांबेल असे वाटत नाही. यमक ओळीच्या शेवटाची वाट पाहत नाही, ओळीच्या पोटातच दोनदा-तीनदा वाजून जाते. एवढे सगळे काटेकोर कापलेल्या या अल्बममध्ये ते पुटपुटणे मात्र कोणी कापले नाही, याचे मला आजही अप्रूप वाटते. पाहुणा रॅपर एकच, एझी. तो ज्या गाण्यात आहे त्याच्या अखेरीस नासचे वडील ओलू डारा कॉर्नेट वाजवतात आणि त्या वाजवण्यात मुलाचे कौतुक असले तरी पाल्हाळ नाही. ('हाफटाइम' मला इतरांइतके आवडत नाही, हेही सांगून टाकतो. ते १९९२ मध्येच एका चित्रपटाच्या अल्बममधून बाहेर आले होते आणि तो सांधा माझ्या कानाला जाणवतो.)

लांबीचा हा प्रश्न प्रतिभेइतकाच डब्याच्या आकाराचाही आहे. जुन्या लाँगप्ले रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटे चांगली बसत, त्यामुळे अल्बम चाळिशीच्या आसपास मुकाट्याने थांबे. सीडीवर ७४ मिनिटांची जागा मिळाली आणि रिकामा कोपरा दिसला की तो भरण्याची सवय लागली. भरायला सर्वांत स्वस्त सामान म्हणजे गाण्यांच्या मधली नाटुकली, ज्यांना 'स्किट' म्हणतात. डी ला सोल या गटाने १९८९ मध्ये आपल्या पहिल्या अल्बमच्या मध्येमध्ये एका प्रश्नमंजूषेचा खेळ पेरला, तो मजेशीर होता. त्यानंतर ज्याने त्याने फोनवरचे निरोप, बंदुकीचे बार आणि शयनगृहातले विनोद भरायला सुरुवात केली, आणि नमनालाच घडाभर तेल जाऊ लागले. विनोद दुसऱ्यांदा ऐकताना शिळा होतो. गाणे दुसऱ्यांदा ऐकताना उलट उघडत जाते, आणि एकाच अल्बममध्ये हे दोन्ही गुंफायचे म्हणजे शिळ्यासाठी ताज्याला थांबवून ठेवणे.

माझ्या या तक्रारीला एक मोठा अपवाद आहे. लॉरिन हिलच्या १९९८ मधल्या 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'ची सुरुवात वर्गातल्या हजेरीने होते. शिक्षक एकेक नाव पुकारतात, मुले ओ देतात, लॉरिनचे नाव येते आणि कोणीच उत्तर देत नाही. पुढे गाण्यांच्या मधून तोच वर्ग प्रेम म्हणजे काय यावर बोलत राहतो, आणि जी मुलगी त्या तासाला गैरहजर होती ती तोवर बाहेर तोच धडा अंगावर घेऊन गात असते. ही नाटुकली काढली तर अल्बम लंगडा पडेल. १९९९ मध्ये याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला, हिप हॉपच्या वाट्याला आलेला तो पहिलाच. तरीही शेवटच्या पंधरा मिनिटांत मी थोडा चुळबुळतो, हे नाकारत नाही.

केंड्रिक लमारच्या बाबतीत माझे मत मित्रांना मुळीच पटत नाही. २०१५ चा 'टू पिंप अ बटरफ्लाय' हा एकोणऐंशी मिनिटांचा अल्बम मला थोर वाटतो आणि वर्षातून एकदा पुरतो. त्यात एक कविता गाण्यागणिक ओळी जोडत वाढत जाते आणि शेवटी टुपाकच्या जुन्या मुलाखतीतल्या उत्तरांशी केंड्रिकचे प्रश्न जुळवून रचलेला संवाद येतो. कल्पना विलक्षण आहे, परंतु एकदा गुपित कळल्यावर तो संवाद मी दरवेळी मन लावून ऐकतो असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. त्यानंतरचा 'डॅम' पंचावन्न मिनिटांचा आहे, आणि तो मी कितीतरी अधिक वेळा लावतो. २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर त्याला मिळाले, तोवर ते शास्त्रीय आणि जॅझ या दोन वर्तुळांबाहेर कधी गेले नव्हते. त्याचा माझ्या आवडीशी संबंध नाही, पण वादात तो मुद्दा उपयोगी पडतो.

आता तर डबाच उरलेला नाही. अमेरिकेतल्या मुख्य अल्बम-क्रमवारीत २०१४ च्या अखेरीपासून ऑनलाइन ऐकण्याची गणना होऊ लागली आणि १,५०० वेळा ऐकलेली गाणी म्हणजे विकलेला एक अल्बम, असा हिशोब तेव्हा ठरला. अशा हिशोबात एकाच श्रोत्याने पंचवीस गाणी ऐकली तर दहा गाण्यांच्या अडीचपट पदरात पडते, मग हात आखडता कोण घेईल? ड्रेकचा 'स्कॉर्पियन' जून २०१८ मध्ये पंचवीस गाण्यांचे ओझे घेऊन आला. त्याच्या महिनाभर आधी रॅपर पुशा टीने 'डेटोना' काढला होता: सात गाणी, एकवीस मिनिटे, आणि एकही ओळ उचलून बाजूला ठेवावी अशी नाही. त्या दोघांच्या प्रसिद्ध भांडणात कोण जिंकले यावर लोक अजून बोलतात. माझ्यापुरता निकाल घड्याळाने दिला.

मालिकांनाही हाच रोग जडला आहे. दोन तासांच्या चित्रपटाचा ऐवज आठ भागांवर थापला जातो आणि चौथ्या भागात पात्रे मोटारीत बसून आधीचेच बोलतात. लांबीबद्दल माझा आकस नाही. 'द वायर'चे साठ भाग मी दोनदा पाहिले आहेत, कारण तिथे प्रत्येक पर्वात बाल्टिमोर शहराचा एक नवा थर उघडतो, आधी अमली पदार्थांचा धंदा, मग गोदी, मग महापालिका, मग शाळा. 'फॉल्टी टॉवर्स' बारा भागांत संपली आणि तेरावा भाग असावा असे मला कधी वाटले नाही.

सध्या मात्र माझ्याकडे हिप हॉप निर्माता जे डिलाचा 'डोनट्स' वाजतो आहे. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, तो बाजारात आला आणि तीन दिवसांनी डिला गेला. एकतीस ट्रॅक आहेत, म्हणजे टुपाकपेक्षाही चार अधिक, तरी सगळे मिळून पाऊण तासही होत नाहीत. एखादी धून कानात बसते न बसते तोच तो ती मोडून पुढची लावतो. पहिल्या ट्रॅकला त्याने समारोपाचे नाव दिले आहे आणि शेवटचा ट्रॅक सरकत सरकत पहिल्याला जाऊन मिळतो. काल रात्री मी तो एकदाच ऐकायचा म्हणून लावला होता, आणि दुसरी फेरी सुरू झाली आहे हे मला तिसऱ्या ट्रॅकला कळले.