रजिस्टरात साखर होती, पाय नव्हता

मी सांगोला तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. मंगळवारी आमच्याकडे बीपी-शुगरचे पेशंट येतात. बोटाला सुई टोचायची, आकडा लिहायचा, गोळ्या द्यायच्या, की पुढचा पेशंट. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मावशींचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. करंगळीजवळची जखम चिघळत वर गेली होती. त्या दिवशी रजिस्टर उघडून बसले. वर्षभराची साखर ओळीनं लिहिलेली, बहुतेक माझ्याच अक्षरात. पायाबद्दल एक शब्द नाही. मावशी दर महिन्याला माझ्यासमोर बसत होत्या आणि त्यांचे पाय टेबलाखाली होते.

मी तांबड्या पेनानं नवा रकाना आखला: ‘पाय’.

तो भरायचा कसा, हे आमच्या आरोग्य केंद्रातल्या कुष्ठरोग तंत्रज्ञांनी शिकवलं. बधिर पाय त्यांनी सारी नोकरी पाहिलेत. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड या सर्जननी दाखवून दिलं होतं की कुष्ठरोग्याची बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून जखमा होत राहतात आणि त्यात बोटं जातात. ‘शुगरनंही पाय बधिर होतो, त्याचंही तेच,’ तंत्रज्ञ म्हणाले. तपासायला 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा बारीक धागा लागतो, तो आमच्याकडे नव्हता. मग इंग्लंडमधल्या इप्सविचची बिनखर्चाची पद्धत धरली. पेशंटनं डोळे मिटायचे. आपण दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना तर्जनी एक-दोन सेकंद हलकेच टेकवायची. दाबायचं नाही, टोचायचं नाही, कळलं नाही म्हणून पुन्हा लावायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय जोखमीचा. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

पण ते मिनिट मिळवायला मला तीन महिने लागले. म्हातारी माणसं पाय आखडून घ्यायची. ‘पोरी, पायाला हात नगं लावू, मला पाप लागंल.’ बायका लुगडं ओढून भेगा झाकायच्या. शेवटी आशाताईंनी तोड काढली. बादलीभर पाणी आणि पंचा ठेवला, आधी पाय धुऊन पुसायचे. धुतलेला पाय पुढं करायला कुणाला लाज वाटेना.

डाळिंबाच्या बागेत राबणारे एक आजोबा डोळे मिटून बसले होते. मी सहाही बोटांना हात लावला, ते गप्पच. ‘म्याडम, सुरू करा की,’ म्हणाले. अंगठ्याखाली जाड घट्टा होता, कडेनं ओलसर. त्यात डाळिंबाचा काटा मोडलेला, आणि ते त्याच पायानं रोज रानात जात होते. मी त्यांना लगेच ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. काटा निघाला, जखम भरली, पण बहाराच्या दिवसांत पायाला विश्रांती द्या म्हणून त्यांच्या सुनेनं आणि मी किती विनवण्या केल्या, ते आम्हालाच ठाऊक.

मग चपलांचा प्रश्न आला. अशा पायाला मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची चप्पल हवी. ती आमच्याकडे कुष्ठरुग्णांसाठी येते, आणि गावानं ती ओळखून ठेवलीय. ‘ती महारोगाची चप्पल, लोक काय म्हणतील?’ या एका वाक्यापुढं माझं शिक्षण थिटं पडलं. त्यांचा मला राग आला नाही. कुष्ठरुग्ण हेच बोलणं पिढ्यान्‌पिढ्या सोसतायत, त्याचं वाईट वाटलं. अखेर तालुक्याच्या गटई स्टॉलवरच्या काकांना भेटले. त्यांनी एमसीआरची शीट आणून साध्या दिसणाऱ्या, मागं पट्टा असलेल्या सँडलमध्ये बसवून दिली. बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, म्हणून पट्टा हवाच. टाचेला खिळा मारायचा नाही, सगळं चिकटवायचं, एवढं त्यांना सांगितलं. माप घेताना तेही खाली बसून पाय हातात घेतात.

मावशी आता कुबडी घेऊन येतात. एकच पाय, त्यामुळं तीनच टोकं. अंगठ्याला ‘हां’ म्हणतात, मधल्या बोटाला थोडं थांबून ‘हां’. करंगळीला हात लावते तेव्हा काहीच बोलत नाहीत. मग मी बोटांच्या बेचक्या बघते, टाच बघते, त्यांची चप्पल उलटी करून तळावरून हात फिरवते आणि तांबडा रकाना भरते.