सुईला ऐकू येणारं सोलापूर

सुई रेकॉर्डवरून उचलली तरी स्पीकरमधली घूं चालूच राहिली, तर चोर विजेचा. उचलताच थांबली, तर चोर हादऱ्याचा. टर्नटेबलच्या दुखण्याचं निम्मं निदान एवढ्यावर होतं. तरी लोक आधी महागडी कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला डबीसारखा भाग, आणायला धावतात.

विजेची घूं मी पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, ताडून बघतो. आपली वीज 50 हर्ट्झची, तिची दुप्पट 100. हा सूर पांढरी पाचच्या जवळ, किंचित चढा लागतो. म्हणजे गवई काळी एकमध्ये भूप आळवत असेल, तर मागे कुणीतरी तीव्र मध्यमाला लावलेला तंबोरा छेडत बसल्यासारखं होतं. भूपात मध्यमच नाही!

कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, त्यामुळे वाटेत भेटेल ती कुरबूर त्याला चिकटते. प्लेयरमधून निघणारी बारीक अर्थची वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बसली आहे ना, सिग्नलच्या तारा ट्रान्सफॉर्मरला खेटून तर गेल्या नाहीत ना, हे आधी बघावं. मग भिंतीतलं अर्थिंग. सोलापुरात मे महिन्यात काळी जमीन तडकते आणि मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यातली ओलही जाते. आमचा वायरमन घरात पाऊल टाकतानाच विचारतो, "साहेब, खड्ड्यात पाणी घालता का?" गाण्यासाठी नाही, निदान शॉक बसू नये म्हणून तरी घालावं.

हादऱ्याचं प्रकरण जास्त खोल. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. वाजवताना ॲम्प्लिफायर तो परत फुगवतो. 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए हिशोबानं (हे खर्ज दाबण्या-फुगवण्याचं ठरलेलं प्रमाण) 20 हर्ट्झचा आवाज 1000 हर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ दहापट वाढतो. सुईला खाचेतला मृदंग आणि टेबलाखालची धडधड यातला फरक कळत नाही, दोन्ही तितक्याच निष्ठेनं मोठी होऊन येतात. मोटर, कोरडं पडलेलं बेअरिंग, स्पीकरचा स्वतःचाच दणका, सगळं.

परीक्षा सोपी आहे. तबकडी थांबवायची, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवायची, आवाज बेताचा वाढवायचा आणि टेबलावर बोटानं टकटक करायची. स्पीकरमधून धप्प आलं, की बाहेरचं आत येतंय. आमच्या पूर्व भागात टकटक करायचीही गरज नाही. पलीकडच्या भिंतीला माझ्या शाळासोबत्याचे टॉवेलचे माग आहेत. त्याला एकदा बोलावून ऐकवलं. मान डोलावत म्हणाला, "हे माझंच की बे! चार नंबरचा माग हाय हा, त्याचा पट्टा सैल हाय." गाणं कुणाचं होतं ते त्यानं विचारलं नाही.

काही ॲम्प्लिफायरवर सबसॉनिक फिल्टरचं, म्हणजे कानाला ऐकू न येणारा अतिखर्ज कापणारं, बटण असतं. ते रेकॉर्डच्या बाकासाठी ठीक. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, रेकॉर्ड वाकतात, आणि मिनिटाला 33⅓ फेऱ्यांत तो बाक दर फेरीला वूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, पडदा आत-बाहेर ढकलतो. आवाज शून्य, मेहनत भरपूर. तिथं फिल्टर लावावा. मागाचा दणका मात्र 20 हर्ट्झच्या वरही पसरलेला असतो. तेवढा कापायचा तर पखवाजही जाईल, ते मला मान्य नाही.

म्हणून आधी टर्नटेबल मागाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीकडे हलवला, स्पीकरपासूनही लांब. खाली शहाबादी फरशी, आणि फरशीखाली सायकलची ट्यूब, अर्धवट हवा भरून. जड वस्तू मऊ आधारावर डोलू लागली की जलद हादरे खालीच राहतात. हवा कमीच हवी. टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, स्वतःचं कंपन साधारण 8 ते 12 हर्ट्झचं, फरशीचं डोलणं त्याच्या बरंच खाली राहिलं पाहिजे. ट्यूब टणक झाली की दोघांची गाठ पडते आणि सगळं मुसळ केरात.

हे सगळं पंक्चरवाल्याला कसं सांगणार? दरवेळी तो आधी "गाडी कुठाय?" विचारतो आणि मग चांगली दगडासारखी टणक हवा भरून देतो. पैसे घेत नाही. घरी येऊन मी निम्मी सोडून देतो.