जावास्क्रिप्टमधील संख्या आणि बिलातला पैसा

जावास्क्रिप्ट या संकेतस्थळांमागच्या प्रोग्रामिंग भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली की उत्तर ०.३०००००००००००००००४ येते, हे उदाहरण इतक्या वेळा सांगितले जाते की भाषेचा सगळा दोष तेवढ्यातच आहे असे वाटू लागते. वस्तुतः हा दोष या भाषेचा नाहीच. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे संख्या ६४ बिटांत साठवल्या जातात आणि द्विमान पद्धतीत एक दशांश ही आवर्ती संख्या असल्यामुळे ती कोठेतरी तोडावीच लागते. पायथॉन किंवा जावा या भाषांतही हेच उत्तर मिळते. जावास्क्रिप्टचे वेगळेपण एवढेच, की तिच्यात पूर्णांकांसाठी निराळा प्रकार सुरुवातीपासून नव्हता. मोठ्या पूर्णांकांसाठी बिगइंट हा प्रकार आला तो थेट २०२० च्या आवृत्तीत.

यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे: हिशेब रुपयांत न ठेवता पैशांत ठेवावा. मात्र १९.९९ ला १०० ने गुणल्यास १९९८.९९९९९९९९९९९९८ मिळतात, म्हणून पैसे करतानाच राउंडिंग करावे, म्हणजे जवळच्या पूर्णांकाला न्यावे. नुसता दशांश भाग छाटला तर एक पैसा तेथेच गळतो.

माझ्या मते खरी पडझड बेरीज-गुणाकारात होत नाही. मजकुराची संख्या आणि संख्येचा मजकूर होतो त्या उंबरठ्यावर होते. फॉर्ममधून आलेली रक्कम हा मजकूर असतो, त्यामुळे १०० मध्ये १८ मिळवले की १००१८ होतात, वजाबाकी मात्र बिनबोभाट बरोबर येते. ग्राहकाने आपल्या सवयीने १,२५,००० असे लिहिले तर मजकुराची संख्या करणारे पार्सफ्लोट हे फंक्शन पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते आणि सव्वा लाखाचा एक रुपया करून परत देते, तेही कसलीही तक्रार न करता. त्याच कामाचे नंबर हे फंक्शन त्या मानाने प्रामाणिक, कारण ते निदान ‘नॅन’ (ही संख्या नाही) म्हणून हात वर करते. पण रिकाम्या रकान्याला तेही मुकाट्याने शून्य मानते.

मराठी संकेतस्थळांवर याच्या जोडीला देवनागरी आकडे येतात. दाखवण्याच्या बाजूने भाषेची तयारी उत्तम आहे: संख्या छापण्याजोगी मांडणाऱ्या इंटल नंबरफॉरमॅटला मराठी-भारत हा लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिला की १२५००० ही संख्या १,२५,००० अशी, लाखाच्या जागी स्वल्पविराम देऊन आणि देवनागरी आकड्यांत, छापली जाते. पण हाच मजकूर उलट वाचायला दिला तर स्वल्पविराम काढूनही ‘नॅन’च पदरी पडतो, म्हणजे जे आकडे तिला लिहिता येतात ते तिला वाचता येत नाहीत! प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ असून पुढचे नऊ आकडे ओळीने येतात, तेव्हा प्रत्येक आकड्याच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की काम भागते. हे रूपांतर रक्कम स्वीकारतानाच, सर्वांत आधी करावे.

पिनकोड, मोबाइल, बँक खाते यांची संख्या कधीच करू नये. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य उडते आणि ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे पूर्णांकांची अचूकता राहत नाही. ट्विटरवरील संदेशांचे क्रमांक लांबले तेव्हा ट्विटरलाही तोच क्रमांक मजकूर म्हणून निराळा द्यावा लागला होता.

पैशांत हिशेब ठेवूनही एक पेच उरतो, तो राउंडिंगचा. १० रुपये ५० पैशांच्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी १८९ पैसे होतो. पण केंद्राचे आणि राज्याचे ९-९ टक्के वेगळे काढले तर प्रत्येकी साडेचौऱ्याण्णव पैसे येतात, राउंडिंग करणारे मॅथ.राउंड हे फंक्शन त्यांचे ९५ करते आणि बेरीज १९० भरते. म्हणून दोन्ही कर आधी काढून त्यांची बेरीज हीच एकूण कराची रक्कम धरावी, एकत्रित टक्केवारी पुन्हा लावू नये. हाच माल परत आला आणि क्रेडिट नोटवर (परतीच्या पावतीवर) रक्कम उणे लिहिली, तर गंमत वाढते: मॅथ.राउंड अर्ध्याला नेहमी वरच्या दिशेने नेत असल्यामुळे उणे साडेचौऱ्याण्णवचे उणे ९४ होतात. विक्रीला ९५ घेतले, परतीला ९४ दिले आणि दोन्ही करांचे मिळून २ पैसे ग्राहकाच्या नावावर लटकत राहिले. त्यासाठी राउंडिंग कायम धन रकमेवर करावे आणि उणे चिन्ह त्यानंतर लावावे.