आमची वाटचाल : मालवणचा गाळा आणि ऑइलचं माप

वडिलांनी मालवणात गाळा घेतला तो आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन, दुरुस्त करायला. ऑइल मोजून द्यायचं काम नंतर गळ्यात पडलं आणि आता आमची ओळखच ती झाली आहे. जाम होऊन आलेलं टू-स्ट्रोक मशीन उघडलं की पिस्टनवर उभे ओरखडे दिसायचे आणि मालकाचं उत्तर ठरलेलं: "धूर बरोच मारता, म्हणान ऑइल कमी केलंय." या मशीनच्या पोटात वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलात मिसळलं असेल तेवढंच पिस्टन-बेअरिंगच्या वाट्याला येतं.

समजावून काही होईना, तेव्हा मापाच्या बाटल्या भरायला घेतल्या. 20 लिटरच्या कॅनला 50:1 साठी (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) 400 मिली, 25:1 साठी 800. रिंग-पिस्टन नवीन बसवले की सुरुवातीचे काही तास चालवायला 25:1 ची बाटली सोबत जाते. दुरुस्तीची उधारी चालेल, बाटलीची नाही, हा वडिलांचा नियम अजून तसाच आहे.

हौशी लोक जॉन्सन, एविनरूड ही जुनी अमेरिकन आउटबोर्ड आणतात, तेव्हा खरी गंमत. 1964 च्या आधीच्या बहुतेक मॉडेलांना 24:1 लागतं, पुढच्या बहुतेकांना 50:1. मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवर माप गॅलनमध्ये, तेही अमेरिकन, म्हणजे 3.785 लिटरचा. ब्रिटिश 4.546 चा धरला की ऑइल कमी पडलंच. पट्टी पुसली असेल तर मॉडेल नंबरावरून वर्ष काढल्याशिवाय आम्ही बाटली देत नाही.

अर्धवट भरलेल्या कॅनचं काय, हा प्रश्न रोजचा. मासळीचा काटा सगळ्यांकडे असतोच. रिकाम्या कॅनचं वजन एकदा मार्करने कॅनवरच लिहून ठेवायचं. भरलेल्या वजनातून ते वजा करून उरलेल्या किलोंना 0.75 ने भागलं की पेट्रोलचे लिटर मिळतात. 9 किलो भरलं तर 12 लिटर, म्हणजे 50:1 ला 240 मिली. पेट्रोलची घनता थोडी मागेपुढे होते, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा हे कितीतरी बरं. मशीन रॉकेलवर चालत असेल तर रॉकेलला मात्र 0.8 धरा, 20 लिटर रॉकेल 16 किलोच्या आसपास भरतं. ऑइलही वजनावर घेता येतं, 400 मिली म्हणजे साधारण 350 ग्रॅम.

स्कूटरचं टू-टी (टू-स्ट्रोक ऑइल) आम्ही ठेवत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या मशीनला त्यासाठीचं टीसी-डब्ल्यू3 दर्जाचंच ऑइल लागतं. दुसऱ्यातली राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. यावरून गिऱ्हाईक परत गेलेलं आहे. जाऊ दे.

सध्या डोकेदुखी पेट्रोलात मिसळलेल्या इथेनॉलची. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट तळाला बसतं. जुन्या रबरी नळ्याही मऊ पडतात. म्हणून जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मशीन ओव्हरहॉलला आणाल तेव्हा कॅन आणि नळीही सोबत आणा. कॅनमधलं जुनं मिश्रण नवीन हंगामाला वापरू नका, आणि मशीन ठेवण्याआधी कार्ब्युरेटर रिकामा करा.