केरळचा हनिमून : हाउसबोटीच्या बारा वाजल्यापासून उलटी मोजणी

पाच रात्री, सहा दिवस: कोची, मुन्नार, ठेक्कडी, अलेप्पी, कोवलम. आम्ही मागवलेली तिन्ही कोटेशनं थोड्याफार फरकाने हीच होती. कागदावर छान दिसतं. नकाशा उघडून अंतरं मांडली की खरा मामला कळतो. कोची विमानतळ ते मुन्नार ११० किलोमीटर, मुन्नार ते ठेक्कडी ९०, ठेक्कडी ते अलेप्पी १४०, अलेप्पी ते कोवलम १६०च्या आसपास. झाले पाचशे. त्यातला बराचसा भाग घाटाचा, आणि घाटात ताशी तीसच्या वर सरासरी मिळत नाही. म्हणजे लग्नाच्या धावपळीतून उठायचं आणि एक दिवसाआड चार-पाच तास गाडीत बसायचं.

आम्ही पॅकेज घेतलंच नाही. हॉटेलं, बोट आणि गाडी वेगवेगळी ठरवली आणि सगळी आखणी एका गोष्टीभोवती केली: हाउसबोट दुपारी १२ वाजता सुटते. बाकी दिवस तिच्या मागेपुढे बसवायचे.

हे बारा वाजण्याचं प्रकरण आधी नीट समजून घ्या, कारण सगळी गल्लत इथेच होते. रात्रीची हाउसबोट म्हणजे दुपारी १२ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ९. म्हणून ती २१ तास चालते असं नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला बांधतात, कारण अंधार पडला की मच्छीमारांची जाळी पाण्यात उतरतात आणि मोठ्या बोटींना तिथून फिरायला मनाई असते. मधे जेवणासाठी तासभर थांबतात. हिशेब केला तर दुपारचे साडेचार तास आणि सकाळचा एखादा तास, एवढाच काय तो प्रवास. आता पॅकेजमधला दिवस बघा: सकाळी नाश्ता करून ठेक्कडीहून निघा, अलेप्पीला बोटीत बसा. नऊला निघालं तर जेट्टीवर पोचायला दीड-दोन वाजतात. पैसे पूर्ण दिवसाचे आणि पाण्यावर जेमतेम तीन तास. बोटवाला तुमच्यासाठी थांबतो, पण साडेपाच काही पुढे जात नाहीत.

म्हणून बोटीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम समुद्रसपाटीवरच हवा. आम्ही तो मरारी बीचजवळ, मरारिकुळमला केला. अलेप्पीहून उत्तरेला जेमतेम १२-१५ किलोमीटर. तिथून मागे मोजत आलं की आराखडा आपोआप तयार होतो. पहिला दिवस: विमान, थेट मुन्नार. तीन रात्री मुन्नार. चौथा दिवस: मुन्नारहून मरारी, पाच तास. पाचवा: दुपारी १२ला बोट. सहावा: नऊला बोटीतून उतरून फोर्ट कोची. सातवा: घरी. सहा रात्री, चार मुक्काम, आणि मुन्नारला येणं-जाणं सोडलं तर एकही लांबचा प्रवास नाही.

ठेक्कडी गाळली, याबद्दल बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पेरियार सरोवर सुंदर आहे यात वाद नाही. १८९५च्या मुल्लपेरियार धरणामुळे बुडालेल्या जंगलाची वाळकी खोडं आजही पाण्यातून वर डोकावतात. पण आमची तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली होती. नोव्हेंबरच्या मध्यापासून ४१ दिवस शबरीमलेच्या यात्रेचा मंडलकाळ असतो आणि त्यानंतर गर्दी थेट १४ जानेवारीच्या मकरविळक्कूपर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या दीपोत्सवापर्यंत चालते. तामिळनाडूतून येणारे अय्यप्पाचे बरेच भक्त कुमळी या सीमेवरच्या गावावरूनच खाली उतरतात आणि ठेक्कडीची बहुतेक हॉटेलं कुमळीतच आहेत. त्या दिवसांत तिथे खोली आणि रस्ता दोन्हींची मारामार. फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी खुशाल ठेक्कडी घ्यावी, मात्र एक रात्र वाढवून.

तारखेचा विचार आपल्या पद्धतीनेच करावा लागतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं विमान काढू नका. सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन, कुणाकडे गोंधळ, मग मांडवपरतणी: पाच दिवस सहज जातात, आणि जेजुरी-तुळजापूर दोन्ही असेल तर सहा. हवामानाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर मोठा पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस असतो. सकाळ लख्ख, दुपारनंतर गडगडाट. तुळशीच्या लग्नानंतर लगेच मुहूर्त असेल तर हे धरून चाला. पौषात आपल्याकडे मुहूर्त नसतात, म्हणून तेव्हा स्वस्त पडेल असं वाटतं. पण नाताळ आणि नवीन वर्षामुळे २० डिसेंबर ते ५ जानेवारी भाव सगळ्यात चढे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा उत्तम, फक्त एरविकुलम राष्ट्रीय उद्यान तेव्हा नीलगिरी ताहर या डोंगरी शेळ्यांच्या विणीसाठी बंद ठेवतात. मुन्नारच्या कार्यक्रमातला अर्धा दिवस त्यामुळे रिकामा होतो, आणि हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

नावाचा घोळ टाळा. तिकिटं लग्नाआधी काढली जातात आणि उत्साहाच्या भरात बायकोचं सासरचं नाव टाकलं जातं. आधार कार्डावर मात्र माहेरचं नाव असतं, मधे वडिलांचं. विमानतळाच्या दारात सुरक्षारक्षक तिकीट आणि ओळखपत्र जुळवतो. त्याला तुमच्या लग्नपत्रिकेशी देणंघेणं नसतं. माझं तिकीट, हॉटेलं, बोट, सगळं माहेरच्या नावाने होतं. नाव बदलायचं असेल तर परत आल्यावर. हॉटेलात दोघांची मूळ ओळखपत्रं लागतात, विवाह नोंदणीचा दाखला कुणी मागितला नाही.

मुंबईहून कोचीला थेट विमानं भरपूर आहेत आणि साधारण दोन तासांत पोचवतात. पुण्याहून कमी. कोकण रेल्वेने जायचं तर कुर्ल्याहून नेत्रावती थेट अलेप्पीवरून जाते, पण जाताना पूर्ण एक दिवस-रात्र धरा. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. लग्नसराईत पहिल्याच सकाळी काढलं नाही तर प्रतीक्षायादी. विमान निवडताना एकच नियम पाळला: कोचीला सकाळी अकराच्या आत उतरायचं. मुन्नारचा रस्ता पेरुंबावूर, कोतमंगलम, नेरियमंगलमवरून जातो आणि पेरियार नदीवरचा पूल ओलांडला की घाट सुरू. चीयप्पारा, वाळरा हे धबधबे रस्त्यालाच लागून आहेत, तिथे गाडी थांबतेच. चार-साडेचार तास लागतात. पाचनंतर धुकं उतरलं की अडिमालीच्या पुढे वाहनं मुंगीच्या पावलांनी जातात. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी गोळी नेरियमंगलमला नाही, कोतमंगलमच्या आधी घ्यावी. तिला भिनायला अर्धा तास लागतो. वाटेत पोटभर परोटा-बीफ किंवा परोटा-कुर्मा खाऊ नये, दोन अप्पम पुरेत.

गाडी ठरवताना चार गोष्टी लेखी घ्या: रोजचे किलोमीटर किती, चालकाचा भत्ता धरला आहे का, टोल-पार्किंग कुणाचं, आणि रात्री किती वाजेपर्यंत गाडी मिळेल. "घाटात एसी बंद" ही ओळ जवळजवळ प्रत्येक कोटेशनमध्ये असते. डिसेंबरात तिचं काही वाटत नाही, एप्रिलमध्ये वाटतं. अडिमालीच्या आसपास मसाल्याच्या बागा लागतात आणि प्रत्येक चालकाला तिथे थांबायचंच असतं. एक बाग बघा, मिरीचा वेल झाडावर चढलेला आणि वेलची बुंध्याशी जमिनीलगत लागलेली बघण्यासारखीच असते. खरेदी मात्र गावातल्या दुकानात. वेलचीचा भाव दाण्याच्या आकारावर ठरतो, ८ मिलिमीटरची हिरवीगार सगळ्यात महाग, त्यामुळे नुसतं "किलोला किती" विचारून काही कळत नाही.

मुन्नारमध्ये हॉटेल निवडणं हे सगळ्यात किचकट काम. संकेतस्थळांवर "मुन्नार" लिहिलेल्या निम्म्या जागा मुन्नारमध्ये नसतात. पळ्ळिवासल, चित्तिरपुरम, आनच्चाल हे कोचीच्या बाजूला, गावापासून दहा-पंधरा किलोमीटर खाली. चिन्नकनाल, सूर्यनेल्ली दुसऱ्या टोकाला, वीसच्याही पुढे. दरीचं दृश्य तिकडेच चांगलं आहे हे खरं, पण एरविकुलम मरयूरच्या रस्त्याला आणि माट्टुपेट्टी, कुंडला, टॉप स्टेशन वेगळ्याच रस्त्याला, आणि सगळ्यांना गावातल्या अरुंद बाजारातूनच जावं लागतं. नोंदणी करण्याआधी हॉटेलला फोन करून हे विचारलं: गावातल्या बसस्टँडपासून किती मिनिटं? गरम पाणी दिवसभर की ठराविक वेळेतच? खोलीच्या खिडकीसमोर दुसरी इमारत आहे का? तिसऱ्या प्रश्नावर दोघांनी विषय बदलला, ती दोन्ही नावं खोडली. चौथा प्रश्न डिसेंबर-जानेवारीसाठी: जास्तीची रजई आणि हीटर मिळेल का? गाव १५०० मीटरच्या आसपास आहे आणि थंडीच्या लाटेत वरच्या चहामळ्यांत सकाळी दव गोठतं. केरळ म्हणजे उकाडा, असं समजून नुसते सुती कपडे घेऊन जाणारे तिथे बाजारात स्वेटर शोधताना दिसतात.

मुन्नारच्या दोन पूर्ण दिवसांपैकी एक एरविकुलम आणि चहा संग्रहालयाला, एक टॉप स्टेशनला. एरविकुलमची वेळ ऑनलाइन राखून सकाळची पहिलीच घ्या. खासगी गाडी प्रवेशद्वाराशी सोडून वनखात्याच्या बसने राजमलाला जायचं असतं, आणि दहानंतर त्या बसच्या रांगेतच दीड तास जातो. मागे आनमुडी, २६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर. नऊनंतर ढगात जातं. नीलकुरिंजी फुललेली दिसेल का, हे विचारू नका; २०१८ला फुलली, आता २०३०. टॉप स्टेशन गावापासून ३२ किलोमीटर, तामिळनाडूच्या हद्दीवर. तिथेही पहाटे निघालं तरच दरी दिसते, नाहीतर पांढरा पडदा. माट्टुपेट्टीची स्पीडबोट आणि इको पॉइंट वगळले तरी काही बिघडत नाही. चहा संग्रहालय सोमवारी बंद असतं.

"हनिमून समावेश" या नावाखाली फुलांनी सजवलेला पलंग, केक आणि कँडललाइट डिनर येतं. घ्यायचं असेल तर कुठल्या रात्री ते ठरवून सांगा. न सांगितल्यास पहिल्या रात्री करतात, जेव्हा दोघंही घाटातून येऊन आडवी झालेली असतात. कँडललाइटचं टेबल नक्की कुठे, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ते बुफेच्याच कोपऱ्यात असतं.

आता बोट. पहिली अट: एक बेडरूमची स्वतंत्र बोट. "प्रायव्हेट रूम" म्हणजे तीन-चार बेडरूमच्या बोटीतली एक खोली, डेकवर बाकी तीन कुटुंबं आणि त्यांचा स्पीकर. दुसरी: एसी किती वेळ? साध्या दर्जाच्या बोटीत रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच असतो. तिसरी: रात्री बोट जिथे बांधतात तिथे काठावरून वीज घेतात की जनरेटर चालतो? जनरेटर असेल तर रात्रभर उशाशी धडधड. चौथी: फोटो नको, ठरलेल्याच बोटीचा नोंदणी क्रमांक आणि त्या आठवड्यातला व्हिडिओ. आम्हाला एका मध्यस्थाने पाठवलेल्या बोटीचा क्रमांक विचारल्यावर "तशीच दुसरी देऊ" असं उत्तर आलं. मग आगाऊ रक्कम दिली नाही, आणि थेट मालकाशी बोलून दुसरी घेतली.

बहुतेक बोटी पुन्नमडाच्या फिनिशिंग पॉइंटवरून सुटतात. १९५२पासूनच्या नेहरू ट्रॉफी नौकाशर्यतीची शेवटची रेषा तिथेच आहे, म्हणून ते नाव. साडेअकराला जेट्टीवर असावं. केट्टुवळ्ळम म्हणजेच ही हाउसबोट, मुळात भात वाहणारी होडी, आंजिली लाकडाच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेली. ती रुंद असल्यामुळे छोट्या कालव्यांत शिरू शकत नाही, वेंबनाड तलाव आणि मोठे पाट एवढंच फिरते. जाहिरातीतली माडांची कमान असलेली चिंचोळी वाट बघायची तर वल्ह्याची होडी वेगळी घ्यावी लागते. बोट बांधण्याच्या जागेहूनच घ्या, तासाचा भाव बसण्याआधी ठरवा. तासाभरात त्या होडीतून कुट्टनाडची भातशेती दिसते, पाण्याच्या पातळीखाली, बांधाच्या पलीकडे. मोठ्या बोटीच्या डेकवर बसून हे दिसत नाही.

जेवण भाड्यातच असतं. दुपारी भात, सांबार, तोरन म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, आणि तळलेली करिमीन मासळी. गोव्यात जिला काळुंदर म्हणतात तीच. भात मट्टा तांदळाचा, लालसर आणि जाड. कोकणातल्या उकड्या तांदळाची सवय असेल तर घरचाच वाटेल, नसेल तर आदल्या दिवशी साधा तांदूळ सांगा. शाकाहारी असाल तर तेही आदल्याच दिवशी, कारण सामान सकाळी भरलं जातं. वाटेत बोट एका मासळीच्या दुकानाशी थांबते. तिथली मोठी कोळंबी घ्यायची तर डोळ्यांसमोर वजन करून घ्या आणि रांधायचे वेगळे पैसे आहेत का, ते स्वयंपाक्याला विचारा. दिवे लागले की पाखरं आणि डास तुटून पडतात. डेकवरचे दिवे मालवून खोलीचं दार लावून घ्यायचं, आणि ओडोमॉस पिशवीत नाही, हाताशी ठेवायचं.

सकाळी नऊला उतरल्यावर त्याच दुपारचं विमान अजिबात धरू नका. अलेप्पी ते नेडुंबाशेरीचा कोची विमानतळ ८०-८५ किलोमीटर आहे, पण अरूरच्या पट्ट्यात वाहनं तुंबली की तीन तासही लागतात. शिवाय केरळात हरताळ पुकारला गेला तर सकाळी सहा ते संध्याकाळी सहा गाड्या हलत नाहीत. फोर्ट कोचीची एक रात्र ही त्यासाठीची सोय. मासेमारीची चिनी जाळी संध्याकाळी बघावीत, सेंट फ्रान्सिस चर्च सकाळी. १५२४ मध्ये वास्को द गामाला आधी तिथेच पुरलं होतं. मट्टनचेरीत चेरळाईच्या तिरुमल देवस्वम मंदिराबाहेर फुलवाल्या बाईने भाव कोकणीत सांगितला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे स्थायिक झालेल्या गोव्याच्या सारस्वतांची ती वस्ती. विमान दुपारी तीनचं होतं, आम्ही अकराला निघालो.