लीकेज कुणाचं, हे ठरेपर्यंत

बुरशी पुसणं सोपं. ती ज्या पाण्यावर वाढते ते कुणाचं, एवढं सोसायटीच्या कमिटीकडून ठरवून घेताना मात्र माझा जीव मेटाकुटीला आला.

डोंबिवलीत आमच्या बेडरूमची भिंत होळी आली तरी ओलीच होती. पावसाची ओल असती तर दिवाळीनंतर सुकली असती. काळे ठिपके छतापर्यंत गेलेले, कपाटात कुबट वास. सासूबाईंना दमा, रात्री खोकून उठून बसायच्या. डॉक्टरांनी रक्तातला आयजीई (ॲलर्जीत वाढणारा घटक) तपासला आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" दमेकऱ्यांना बुरशीच्या बीजाणूंचा त्रास होतोच, पण काहींना ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची ॲलर्जी होऊन फुप्फुसाचं कायमचं नुकसान होतं, म्हणाले. सासूबाईंना हॉलमध्ये झोपवायला लागलो, खोकला उतरला.

इथून पुढे सेक्रेटरी. "वहिनी, वरच्यांचं बाथरूम गळतंय, आपसात मिटवा." वरचे काका म्हणणार, "आमच्या टाइल्स नव्या आहेत. डक्टमधला सामायिक पाइप बघायला सांगा सोसायटीला." मीटिंगला आधी कोरम नाही, मग मे महिन्यात सगळे गावाला, मग गणपती. आणि फुकटचा सल्ला प्रत्येकाचा तोच, "रंग मारून घ्या ना!" ओल्या भिंतीवर मारलेल्या रंगाचे पोपडेच निघतात.

शेवटी सोसायटीचे उपविधी, म्हणजे नियम, वाचले. पावसाचं किंवा बाहेरच्या सामायिक पाइपचं लीकेज सोसायटीच्या खर्चाने, संडास-सिंकसारखं आतलं सभासदाच्या. म्हणजे पाणी येतं कुठून, एवढाच प्रश्न. प्लंबर म्हणाला, वरच्या नहाणी ट्रॅपला (बाथरूमचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याला) बोळा मारून रंगीत पाणी साठवू, रंग खाली उतरला तर लीकेज तिथलंच. पण काका दार उघडतील तर ना! तोंडी बोलणं बंद केलं. लेखी अर्ज, फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि पोच. पोच मागितली तेव्हा सेक्रेटरींनी पहिल्यांदा कागद नीट वाचला. कमिटीचं पत्र वर गेलं, दार उघडलं. आमच्या छताला लाल डाग उतरला, तेव्हा काका म्हणाले, रंगच चुकीचा वापरलाय!

ट्रॅप बदलला. आम्ही प्लास्टर खरवडलं, भिंत पूर्ण वाळू दिली, मगच रंग लावला. खरवडताना दमेकऱ्याला घराबाहेर ठेवा, स्वतः एन-९५ मास्क लावा. झाडू नको, ओलं फडकं. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते, त्यामुळे नुसतं औषध फवारून भागत नाही. ब्लीचमध्ये बाथरूमचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. हे आधी सांगायला हवं होतं: हवेतली आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर घ्या, ती ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. आपल्याकडे जुलैत खिडक्या उघडून ती उतरत नाही. एसीचा ड्राय मोड लावा.

प्लास्टरचे पैसे काकांकडून अजून यायचेत. त्याचाही अर्ज दिलाय, पोच घेऊन.